बाचानचे सोनेरी बर्डविंग कोकणात आणावे का?

सावंतवाडी तालुक्यातील एका बागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा पुतण्या नोकरीनिमित्त जकार्ताला असतो. सुट्टीवर येताना त्याने काचेच्या चौकटीत बसवलेले एक मोठे फुलपाखरू आणले. त्याचे पंख मखमली काळे आणि झगझगीत नारिंगी आहेत आणि खाली ‘ऑर्निथॉप्टेरा क्रीसस, बाचान’ अशी चिठ्ठी आहे. यांच्या पोफळीच्या बागेत आपले काळे-पिवळे बर्डविंग फुलपाखरू नेहमी येते. त्यामुळे त्यांना वाटले की दोघेही एकाच कुळातले आणि एकाच जातीच्या वेलीवर वाढणारे असतील, तर पुतण्याकडून या परदेशी फुलपाखराचे पाच-दहा कोष मागवून बागेत सोडता येतील. इतके देखणे फुलपाखरू मुळात इंडोनेशियातल्या बाचानसारख्या मोजक्या बेटांपुरतेच का राहिले, असेही त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पुतण्याची परतीची तारीख जवळ आली असावी. कोष मागवू नका. कायद्याची अडचण आहेच, पण कायदा नसता तरीही माझे उत्तर हेच राहिले असते. गेली बावीस वर्षे मी घराभोवती ईश्वरीची वेल लावून तिच्यावर येणारी बर्डविंग पाहत आलो आहे. या फुलपाखरांचे जगणे किती थोड्या गोष्टींवर आणि किती घट्ट अवलंबून असते, हे त्यातून जेवढे कळले, त्याच्या आधारे पुढचे लिहितो.

नात्यापासून सुरुवात करू. बर्डविंग फुलपाखरांचे तीन गट मानले जातात : ट्रोगोनॉप्टेरा, ट्रॉइडेस आणि ऑर्निथॉप्टेरा. तिन्ही स्वॅलोटेल कुळातले असले तरी त्यांचा पसारा वेगवेगळ्या भागांत आहे. आपले सदर्न बर्डविंग, ज्याला सह्याद्री बर्डविंग असेही म्हणतात आणि जे कर्नाटकाने राज्य फुलपाखरू म्हणून निवडले आहे, ते ट्रॉइडेस गटातले आहे. हा गट भारतापासून आग्नेय आशियाच्या बेटांपर्यंत पसरला आहे. ऑर्निथॉप्टेरा गट मात्र न्यू गिनी, मोलुक्का बेटे, सॉलोमन बेटे आणि ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा या बाजूचा आहे. तुमच्या चौकटीतले क्रीसस या ऑर्निथॉप्टेरा गटातले असल्यामुळे ते आपल्या बर्डविंगचे सख्खे किंवा चुलत नव्हे, तर लांबच्या भाऊबंदकीतले ठरते. गंमत अशी की आपल्या बर्डविंगचे खरे चुलत भावंड बाचानवरच राहते. ट्रॉइडेस क्रिटॉन नावाचे ते काळे-पिवळे फुलपाखरू उत्तर मोलुक्का बेटांखेरीज कुठेही आढळत नाही, आणि ते क्रीससच्याच रानात उडते. पश्चिमेकडून आलेला एक गट आणि पूर्वेकडून आलेला दुसरा गट या बेटांवर एकत्र नांदतात, आणि प्राणिभूगोलाच्या अभ्यासकांना या बेटांचे अप्रूप वाटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

बाचान हे इंडोनेशियाच्या उत्तर मोलुक्का प्रांतातले, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेचे बेट आहे. लाबुहा हे तिथले मुख्य गाव आणि सिबेला हा दोन हजार मीटरहून उंच डोंगर. उत्तरेला मोठे हल्माहेरा आणि त्याच्या पश्चिम किनाऱ्याला लागून तेरनाते व तिदोरे ही छोटी ज्वालामुखी बेटे आहेत. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेचे मूळ घर हाच परिसर. कोकणातल्या बागांत आज लवंगेची जी झाडे दिसतात, त्यांचे पूर्वज इथलेच. क्रीसस याच बेटांच्या पुंजक्यात, म्हणजे बाचान, हल्माहेरा, तेरनाते, तिदोरे, मोरोताई आणि लगतच्या काही लहान बेटांवर राहते.

या फुलपाखराची जगाला ओळख करून देणारा माणूस म्हणजे ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस. त्याची हकिगत मी थोडी विस्ताराने सांगणार आहे, कारण बर्डविंग कसे शोधावे आणि ते कशाकशावर जगते, हे तिच्यातून जितके कळते तितके माहितीपुस्तकांतून कळत नाही. वॉलेस ऑक्टोबर 1858 मध्ये बाचानला पोहोचला आणि एप्रिल 1859 पर्यंत तिथे राहिला. 1858 च्याच जुलैत लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विनच्या टिपणांबरोबर त्याचा नैसर्गिक निवडीवरचा लेख वाचला गेला होता, आणि तो स्वतः मात्र त्या वेळी हजारो मैल दूर रानात कीटक गोळा करत होता. बाचानच्या रानातल्या पहिल्याच फेरीत त्याला हाताला न लागेल अशा उंचीवरच्या एका पानावर एक प्रचंड, गडद रंगाचे, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू बसलेले दिसले. ते उंच उडून गेले, पण ते एखाद्या अनोळखी बर्डविंगची मादी आहे हे त्याने ओळखले. पुढच्या दोन महिन्यांत ती त्याला फक्त एकदाच दिसली आणि नर एकदाच, तोही खूप उंचावरून जाताना. हे फुलपाखरू आपल्याला मिळणार नाही, असे त्याला वाटू लागले.

जानेवारी 1859 च्या सुरुवातीला त्याला एक झुडूप दिसले. त्याची फुले पिवळी होती आणि फुलांच्या झुबक्यातून मोठी पांढरी, पानासारखी दले बाहेर आलेली होती. ती मुसेंडाची एक जात होती, म्हणजे आपल्या भूतकेसाची बहीण. श्रावणात आंबोलीच्या घाटातून जाताना हिरव्या झाडीत मध्येच पांढरी पाने चमकतात, ती ज्या झुडपाची, त्याच कुळातले हे झुडूप. त्यावर एक बर्डविंग घिरट्या घालताना दिसले, पण ते निसटले. दुसऱ्या दिवशी त्याच झुडपावर मादी मिळाली आणि त्याच्या पुढच्या दिवशी नर. हिरव्या पंखांच्या ज्ञात जातींमध्ये जिथे हिरवा रंग असतो, तिथे या नरात धगधगता नारिंगी होता आणि पंखांचा विस्तार सात इंचांहून जास्त, म्हणजे जवळजवळ अठरा सेंटिमीटर. जाळ्यातून काढून पंख उघडल्यावर आपल्या छातीत धडधडू लागले, रक्त डोक्यात चढले, प्रत्यक्ष मृत्यूच्या भीतीनेही कधी आली नव्हती अशी भोवळ आल्यासारखे वाटले आणि उरलेला दिवसभर डोके दुखत राहिले, असे त्याने लिहून ठेवले आहे. लिडियाच्या सोन्यासाठी प्रसिद्ध असलेल्या क्रीसस राजाचे नाव त्याने या फुलपाखराला दिले. हल्माहेराकडच्या उपजातीला पुढे ‘लिडियस’ नाव मिळाले, तेही त्याच राजाच्या राज्यावरून.

यानंतर वॉलेसने जे केले ते आम्हा निरीक्षकांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. त्याने झुडपाभोवतीचे रान थोडे साफ करून घेतले, शेजारच्या झाडाखाली बसायला एक बैठक केली आणि रोज दुपारचे जेवण तिथेच घेऊ लागला. रोज सरासरी एक फुलपाखरू मिळे, पण त्यांत निम्म्याहून अधिक माद्या आणि उरलेल्यांतले बरेच फाटके. मग त्याचा मदतनीस लाही याने डोंगरातून समुद्राकडे येणाऱ्या एका खडकाळ ओढ्याचे पात्र शोधून काढले. नर त्या पात्रावरून खाली उडत येत आणि मधूनमधून पाण्यातल्या दगडांवर बसत. वेगवान पाण्यात, निसरड्या धोंड्यांवरून उड्या मारत लाही दिवसभर त्यांच्या मागे असे. चांगल्या नमुन्यामागे त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी जादा मिळत असे. वॉलेसने बाचानहून शंभराहून अधिक फुलपाखरे नेली, पण त्यांत पूर्णपणे निर्दोष नर पाच-सहाच होते. शोधाचे श्रेय एकाच्या नावावर लागले असले तरी त्यातले बरेचसे नर लाहीने त्या ओढ्यात मिळवले होते, हे इथे नोंदवावेसे वाटते.

या हकिगतीतली प्रत्येक गोष्ट मला आमच्या ओढ्याकाठी दिसते. आपल्याकडेही बर्डविंगचे नर सकाळी झाडांच्या शेंड्यांवरून फिरतात आणि मोकळ्या जागेच्या, वाटेच्या किंवा ओढ्याच्या रेषेवरून येजा करतात. मादी मात्र खाली, झाडीच्या सावलीत, वेल शोधत हळूहळू फिरते. म्हणून एखाद्या बागेत मादीच अधिक वेळा जवळून दिसते, आणि नर कमी आहेत असा समज होतो, पण तो खरा नसतो. भूतकेसावरही ती येते. घाणेरीवर आणि पगोड्याच्या उभ्या तुऱ्यांवर येते तशीच ती या झुडपावर पंख फडफडवत, जवळजवळ न टेकता मध पिते. बाचानच्या रानात पाहुण्याला क्रीसस दाखवायचे असेल, तरी फुलांवर आलेले मुसेंडा किंवा ओढ्याचे मोकळे पात्र गाठणे यापलीकडे दुसरा उपाय आजही नाही.

आता रंगाबद्दल, कारण चौकटीतल्या नारिंगीमुळेच तुम्ही प्रश्न विचारलात. भिंगातून पंख पाहा. कौलारू छपरावर कौले जशी एकावर एक चढवलेली असतात, तसे बारीक खवले ओळीने बसलेले दिसतील. आपल्या बर्डविंगच्या मागच्या पंखांचा पिवळा हा मुख्यतः खवल्यांतल्या रंगद्रव्याचा असतो. ऑर्निथॉप्टेराच्या नरांत मात्र दोन गोष्टी एकत्र काम करतात : खवल्याच्या अतिसूक्ष्म रचनेतून परावर्तित होणारा प्रकाश आणि त्यातला काही भाग शोषून घेणारे पिवळे रंगद्रव्य. निळसर परावर्तन आणि पिवळे रंगद्रव्य एकत्र आले की अंबोन-सेरामच्या प्रियामस जातीचा हिरवा दिसतो. पिवळ्याचा वाटा निघून गेला की न्यू आयर्लंड आणि सॉलोमन बेटांकडच्या जातीचा निळा उरतो. क्रीससमध्ये हे गणित नारिंगीकडे झुकलेले आहे. नक्षी जवळजवळ तीच, रंग मात्र बेटागणिक वेगळा. (चौकट थेट उन्हात टांगू नका. रंगद्रव्ये उन्हाने विटतात, आणि मग राहतो तो रंग या प्राण्याचा नसतो.)

हे बेटागणिक वेगळे होणे हेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. बाचानच्या दक्षिणेला, समुद्राचा एक पट्टा ओलांडला की, ओबी नावाचे बेट लागते. तिथे क्रीसस नाही. तिथे ऑर्निथॉप्टेरा एसॅकस आहे, आणि त्याच्या नराचे पंख नारिंगी नसून निळसर हिरवे आहेत. इतके ताकदवान उडणारे फुलपाखरू तेवढे पाणी ओलांडू शकणार नाही, असे वाटत नाही. पण बर्डविंगला दिशा देते ती भूक आणि अंडी घालण्याची जागा, आणि मोकळ्या समुद्रावर या दोन्ही गोष्टी नसतात. वाऱ्याने एखादी मादी दूरच्या बेटावर पोहोचली, तरी तिथे तिला नेमकी वेल, त्या वेलीची कोवळी पाने आणि नर मिळायला हवा. हे योग क्वचित जुळतात. जुळल्यानंतर मात्र मूळ बेटाशी येजा राहत नाही आणि हजारो पिढ्यांत ती वस्ती आपल्या वाटेने जाते. म्हणजे क्रीसस त्या बेटांवर अडकून पडलेले नाही, ते तिथेच क्रीसस झाले. बाचान-हल्माहेराबाहेर ते असते, तर ते या रंगाचे राहिले असते का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे.

वेलीबद्दल आता सविस्तर बोलू, कारण सगळा प्रश्न तिच्यापाशी येऊन थांबतो. सर्व बर्डविंगच्या अळ्या ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींवर वाढतात. आपल्याकडची ईश्वरी, जिला कोकणात सापसंद म्हणतात, ती याच कुळातली. या वेलींच्या पानांत ॲरिस्टोलोकिक आम्ले असतात. ती बहुतेक प्राण्यांना विषारी आहेत, पण बर्डविंगची अळी ती शरीरात साठवून ठेवते आणि कोषातून ती फुलपाखरात उतरतात. एखाद्या पक्ष्याने एकदा चव घेतली की तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. अळीला डिवचले तर डोक्यामागून दुफाट्याचे नारिंगी शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. बर्डविंगचा दिमाखदार संथपणा या विषाच्या जोरावर आहे. ज्याला लपण्याची गरज नाही, तोच असा उडतो.

पण त्याची किंमत अशी की वेल नसेल तर काहीच नाही. हे मला पुस्तकातून कळले होते, तरी समजले ते माझ्या चुकीने. सुरुवातीच्या काळात मी घराच्या मागच्या गडग्याजवळ ईश्वरीच्या तीनच वेली लावल्या होत्या. दुसऱ्या वर्षी मादी आली, पानांच्या खालच्या बाजूला एकेक करून सुटी अंडी घातली, आणि मी आनंदाने रोज मोजत बसलो. अळ्या मोठ्या होऊ लागल्या तशा पहिल्या वेलीची पाने संपली, मग दुसरीची. शेवटच्या टप्प्यातल्या अळ्यांनी कोवळे देठ आणि खोडाची सालही कुरतडली, त्यामुळे वरचा सगळा वेल एका दिवसात सुकून खाली लोंबू लागला. लहान अळ्या त्या सुकलेल्या पानांवर अडकल्या. एका सकाळी मी एका मोठ्या अळीला शेजारची लहान अळी खाताना पाहिले. अकरा अळ्यांपैकी दोन कोष झाले. त्या वर्षी मी मादीला बोलावून तिची अंडी वाया घालवली, असेच मी म्हणतो. पुढच्या पावसाळ्यात तीस रोपे लावली आणि त्यांतली दहा दूरवर, ओढ्याच्या पलीकडे लावली, म्हणजे एका जागची संपली तरी दुसऱ्या जागी खायला राहील.

आता तुमच्या पोफळीच्या बागेत क्रीससचे दहा कोष उघडले, असे क्षणभर धरून चालू. बाचानला वर्षभर पाऊस थोडाफार पडतच राहतो आणि वेलीला नवी पालवी सतत मिळते. आपल्याकडे चार महिन्यांच्या धो-धो पावसानंतर दीर्घ कोरडा काळ येतो आणि उघड्यावरची ईश्वरी उन्हाळ्यात जवळजवळ दिसेनाशी होते. आपले बर्डविंग या चक्राला बांधलेले आहे, क्रीसस नाही. शिवाय कुळ एक असले, तरी प्रत्येक वेल प्रत्येक अळीला चालतेच असे नाही. ऑस्ट्रेलियात याचा फार कटू अनुभव आला. क्वीन्सलँडच्या रिचमंड बर्डविंगच्या माद्या बागांतल्या शोभेच्या ॲरिस्टोलोकिया लिट्टोरालिसवर, म्हणजे आपल्याकडे बदकवेल म्हणून विकल्या जाणाऱ्या वेलींपैकी एका दक्षिण अमेरिकी वेलीवर, अंडी घालतात. तिच्या वासाने मादी फसते, पण अळ्या ती पाने खाऊन मरतात. तिथल्या लोकांनी, आणि त्यांत शाळकरी मुलांचा वाटा मोठा होता, ती शोभेची वेल उपटून स्थानिक रानवेल हजारोंच्या संख्येने लावली. मादीला आपली अळी कशावर जगेल हे नेहमी कळतेच असे नाही. ते आपल्याला कळले पाहिजे.

आणि समजा, क्रीसस जगलेच. तरी ते ज्या ईश्वरीवर जगेल ती आपल्या बर्डविंगची, तसेच कॉमन रोज आणि क्रिमसन रोज या फुलपाखरांचीही आहे, आणि तीन वेली किती दिवस पुरतात ते वर सांगितले. परदेशी कोषांबरोबर येणारे रोगजंतू आणि अळ्यांत अंडी घालणाऱ्या माश्या यांचा धोका वेगळाच. ज्या बागेत आज एक सुंदर फुलपाखरू न बोलावता येते, तिथे दुसऱ्यासाठी त्याचा जीव पणाला लावू नये.

कायद्याचे थोडक्यात. सर्व बर्डविंग, आपले धरून, सायटेस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परवान्याशिवाय त्यांचा देशाबाहेर व्यापार करता येत नाही. फक्त पापुआ न्यू गिनीचे क्वीन अलेक्झांड्रा बर्डविंग पहिल्या परिशिष्टात आहे, जिथे व्यापारी देवघेवीला बंदी आहे. भारताच्या वन्यजीव कायद्यात 2022 मध्ये झालेल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या दुरुस्तीने या यादीतल्या प्रजातींसाठी स्वतंत्र प्रकरण आणि अनुसूची आली. त्यामुळे जिवंत कोष सामानातून आणणे हा गुन्हा ठरू शकतो. चौकटीतला नमुना आणताना पुतण्याला दुकानदाराने निर्यातीची कागदपत्रे दिली होती का, हे त्याला आजच विचारा आणि नसतील तर पुढचा सल्ला जवळच्या वनखात्याच्या कार्यालयातून घ्या.

चौकटीतले फुलपाखरू विकत घेणे हेच पाप, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि इथे माझे मत काही मित्रांना पटत नाही. पापुआ न्यू गिनीत 1978 मध्ये बुलोलो येथे कीटक-शेतीची एक सरकारी संस्था उभी राहिली. तिथल्या पद्धतीत गावकरी रानाच्या कडेला आपल्या परसात वेली आणि फुलझाडे लावतात, रानातल्या माद्या आपण होऊन येऊन अंडी घालतात, काही कोष विकले जातात आणि काही फुलपाखरे रानात जातात. रान तोडले तर माद्या येणार नाहीत, म्हणून रान राखण्यात गावकऱ्याचा फायदा असतो. अशा मार्गाने आलेला नमुना आणि रानातून ओरबाडलेला नमुना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अडचण एवढीच की दुकानातल्या काचेतून तो फरक दिसत नाही, आणि म्हणून कागदाशिवाय काही घेऊ नये.

क्वीन अलेक्झांड्राचे उदाहरण पुन्हा आठवते. जगातले हे सर्वांत मोठे फुलपाखरू, मादीचा पंखविस्तार पंचवीस सेंटिमीटरहून अधिक भरतो. 1906 मध्ये त्याची पहिली मादी बंदुकीच्या बारीक छऱ्यांनी पाडून मिळवली गेली. न्यू गिनीसारख्या अवाढव्य बेटावर असूनही ते ओरो प्रांतातल्या पोपोंडेट्टा परिसराच्या छोट्या पट्ट्यापुरते उरले आहे. जानेवारी 1951 मध्ये लॅमिंग्टन ज्वालामुखीच्या उद्रेकात सुमारे तीन हजार माणसे गेली आणि या फुलपाखराच्या रानाचा मोठा भाग भस्मसात झाला. नंतर सपाटीवर पामतेलाचे मळे आले. संग्राहकांची हाव वाईट होतीच, पण त्याला खरा धक्का बसला तो वेल असलेले रान गेल्याने. बाचान-हल्माहेराकडेही हीच काळजी आहे. हल्माहेरावर 2004 मध्ये आकेताजावे-लोलोबाता राष्ट्रीय उद्यान झाले, ते मोलाचे आहे. पण त्याच बेटावर वेडा बे परिसरात निकेलच्या खाणी आणि कारखाने झपाट्याने वाढत आहेत, आणि क्रीसस हे सपाटीच्या, दलदलीच्या, ओढ्याकाठच्या रानाचे फुलपाखरू आहे. आपल्या विजेवरच्या वाहनांच्या बॅटऱ्यांना लागणारे निकेल कुठून येते, याची चौकशी फुलपाखरांवर प्रेम करणाऱ्यांनीही करायला हवी.

तेव्हा तुमच्या बागेत काय करावे ते सांगतो. ईश्वरीची फळे हिवाळ्याच्या शेवटाकडे वाळतात आणि देठाकडून उकलून उलट्या टांगलेल्या लहानशा शिंक्यासारखी दिसतात. त्यात चपट्या, पातळ बिया एकावर एक रचलेल्या असतात. शिंके पूर्ण उघडून वाऱ्याने रिकामे होण्याआधी ते कापडात बांधून घ्या. बी जुने झाले की उगवण कमी होते, म्हणून त्याच मोसमात पिशव्यांत पेरा. पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की पोफळींच्या ओळींमध्ये, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी लावा. आधाराला बांबू नको, जिवंत झुडूप द्या, कारण अळीला कोष करण्यासाठी बाजूची फांदी लागते. कमीत कमी पंचवीस-तीस वेली हव्यात आणि त्याही दोन-तीन ठिकाणी विभागून. औषधाची फवारणी त्या भागात अजिबात नको. पोफळीवर बोर्डो मिश्रण मारतानाही वाऱ्याची दिशा पाहा. ओढ्याच्या बाजूला भूतकेसाची चार-पाच झुडपे लावा.

एक सावधगिरी. जुन्या घरांत सापसंदाचे मूळ सर्पदंशावर किंवा पोटदुखीवर उगाळून देण्याची रीत होती. ते करू नये. ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकले आहे. अळीला पचते ते आपल्याला पचत नाही. साप चावला तर थेट रुग्णालयात जायचे.

पहिल्या वर्षी मादी न आल्यास खचू नका. वेल कोवळी असते आणि तिला त्या जागेची सवय नसते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, सकाळी नऊच्या सुमारास वेलीजवळ उभे राहून पानांची खालची बाजू तपासत जा. एखाद्या पानाखाली तांबूस-पिवळे, मोहरीपेक्षा मोठे, गोल अंडे एकटेच चिकटलेले दिसले, तर त्या वेलीला त्या दिवशी पाणी हाताने, मुळाशीच घाला.